बीपी, टेन्शन आणि मस्तिष्कस्तंभ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता तोंडी परीक्षा संपल्या. पण इंदुरात रामबागेतून राजवाड्याकडे पायी निघालं की वाटेत निदान दोघं तरी गाठतात, बीपीचा आकडा सांगतात आणि माझीच तोंडी सुरू होते. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एकदा या विषयावर बोललो, तेव्हापासून प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरही यायला लागले. जे परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे फक्त दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गोळी सुरू करणं, बंद करणं, कमी-जास्त करणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही.

१. मस्तिष्कस्तंभ म्हणजे नेमकं काय? मेंदूच ना?

मेंदूच, पण अक्रोडासारखा दिसणारा वरचा भाग नव्हे. फ्लॉवरचा गड्डा हातात धरा. वरचा पसारा म्हणजे मोठा मेंदू आणि खालचा दांडा म्हणजे मस्तिष्कस्तंभ. दोन्ही कानांच्या मधोमध, खोल आत. लांबी जेमतेम सात-आठ सेंटिमीटर, जाडी अंगठ्याएवढी. वरून खाली त्याचे तीन भाग: मध्यमेंदू, सेतू आणि मेडुला. मेडुला कवटीच्या तळाच्या भोकातून खाली उतरतो आणि पुढे त्याचाच मज्जारज्जू होतो. मराठी पुस्तकांत मेडुलाला कुठे लंबमज्जा म्हणतात, कुठे मस्तिष्कपुच्छ. मी मेडुलाच म्हणणार, कारण दवाखान्यात तुमच्या कानावर तोच शब्द पडेल.

श्वास, हृदयाच्या ठोक्याचा वेग, गिळणं, उलटी, जागं राहणं अशी न विचारता चालणारी कामं इथून चालतात. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी दहा याच दांड्यातून बाहेर पडतात.

२. बीपी म्हणजे हृदयाचा पंप आणि रक्ताच्या नळ्या. त्यात मेंदू कुठून आला?

आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून येतं. पंप तिकडे कितीही जोरात चालू दे, तुमच्या गल्लीत पाणी किती दाबानं येणार ते वॉल्व्ह किती उघडलाय त्यावर ठरतं. शरीरातल्या बारीक धमन्या म्हणजे असे लाखो वॉल्व्ह आहेत. त्यांच्या भिंतींत स्नायू असतात आणि ते सतत थोडे आवळलेले राहतात. त्यांना आवळून ठेवणारा वॉल्व्हमन मेडुलात बसलेला असतो.

मेडुलाच्या पुढच्या-बाहेरच्या अंगाला चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. त्या पेशी अखंड संदेश सोडत असतात. ते मज्जारज्जूतून छातीच्या पातळीपर्यंत उतरतात आणि तिथून सिंपथेटिक, म्हणजे शरीराला कामाला जुंपणाऱ्या, चेतांमार्फत हृदयाला आणि धमन्यांना पोचतात. संदेश तुटले की नळ्या सैल पडतात आणि सरासरी दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. हे उमगलं १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला, जर्मनीतल्या लाइपत्सिग शहरात कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत. प्राण्यांचा मेंदू वरून खाली थराथरानं छेदत गेलं तर बराच वेळ दाबाला काही होत नसे. सुरी मेडुलाच्या त्या पट्ट्यात पोचली की दाब कोसळे. माणसात असं तुटलं तर काय होतं, ते प्रश्न १८ मध्ये.

३. दाब किती आहे हे मेंदूला कळतं कसं? आत काय मशीन बसवलंय का?

मशीनच म्हणा, आणि आपल्या दंडावरच्या पट्ट्यापेक्षा फार सरस. जबड्याच्या कोपऱ्याखाली, जिथे गळ्याची मोठी धमनी दुभंगते, तिथे भिंत थोडी फुगीर आणि पातळ असते. दुसरी अशी जागा हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत. या भिंतींत ताण ओळखणारे चेतातंतू विणलेले आहेत. प्रत्येक ठोक्याला भिंत ताणली जाते आणि तंतू मेडुलाकडे खबर धाडतात. गळ्यातली खबर नवव्या चेतेतून जाते, छातीतली दहाव्या चेतेतून, म्हणजे व्हेगसमधून. दोन्ही मेडुलाच्या मागच्या अंगाला एकाच ठिकाणी पोचतात. ही झाली आवक खिडकी.

आता गंमत बघा. ही खिडकी वॉल्व्हमनशी थेट बोलत नाही. मध्ये एक कारकून आहे आणि त्याचं काम फक्त वॉल्व्हमनला गप्प करणं. दाब वाढला की खिडकी कारकुनाला उठवते, कारकून वॉल्व्हमनला दाबतो, संदेश कमी होतात, नळ्या सैलावतात. त्याच वेळी दुसरा निरोप व्हेगसमार्फत हृदयाला जातो: हळू. दाब पडला तर सगळं उलट होतं. तंतू शांत, कारकून शांत, आणि वॉल्व्हमनला मोकळं रान. विद्यार्थ्यांना हे कायम उलटसुलट व्हायचं, कारण त्यांना वाटे की ‘दाब वाढव’ असा कुणीतरी हुकूम देत असेल. हुकूम कुणी देत नाही. दाब वाढवण्याचा जोर आतून कायमच असतो, फक्त लगाम घट्ट होतो किंवा ढिला पडतो.

वेगही दोन आहेत. व्हेगसचा ब्रेक एका ठोक्याच्या आत लागतो किंवा सुटतो. धमन्या आवळायला मात्र काही सेकंद जातात. एवढं लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यात आहे.

४. पहाटे झटकन उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. हे मेंदूचं दुखणं का?

बहुतेक वेळा नाही. उभं राहिलं की अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांत आणि पोटाच्या खालच्या भागात उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, दाब घसरतो, आणि प्रश्न ३ मधली साखळी तो सावरेपर्यंत ते काही सेकंद जातात. तेवढ्यात डोळ्यांपुढे काळं. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं असेल तर जास्तच.

उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर मात्र त्याला नाव आहे आणि डॉक्टरांना सांगायला हवं. कारण बऱ्याचदा औषधात सापडतं: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटच्या गोळ्या, काही नैराश्याच्या गोळ्या. जुन्या मधुमेहात खबर नेणारे-आणणारे तंतूच खराब होतात. पार्किन्सनमध्येही होतं. अशा माणसाचं बीपी फक्त बसवून मोजलं तर नॉर्मल दिसतं आणि तो बाथरूममध्ये पडतो. उभं करून मोजायला सांगा. दवाखान्यात गर्दी असते आणि हे राहून जातं, म्हणून तुम्हीच आठवण करा.

५. घरी १२८ येतं, डॉक्टरांकडे १५६. खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. दवाखान्यातली खुर्ची, आतून येणारा आवाज, ‘आता काय निघतंय’ ही धास्ती, हे सगळं मोठ्या मेंदूतून मस्तिष्कस्तंभापर्यंत उतरतं आणि दाब खरोखर वाढतो. आकडा त्या क्षणाचा फोटो असतो. म्हणून निदान एका मापावर करत नाहीत, आणि सीमारेषाही वेगळ्या धरतात: दवाखान्यात १४०/९०, घरच्या मापांच्या सरासरीसाठी १३५/८५.

घरी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, दंड हृदयाच्या पातळीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. लघवी तुंबलेली नको. आणि कृपा करून मोजताना बोलू नका. एकाच्या घरी गेलो होतो, ते पट्टा फुगत असताना सुनेला भाजीचे भाव सांगत होते आणि आकडा बघून मशीनला शिव्या घालत होते.

उलटंही असतं: दवाखान्यात नॉर्मल, घरी किंवा कामावर जास्त. ते जास्त धोक्याचं, कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

६. टेन्शन आलं की शरीरात नेमकं काय होतं? आमच्याकडे सगळे ‘घबराहट’ म्हणतात.

इंदुरी मराठीत घबराहट म्हणजे छातीतल्या धडधडीपासून गॅसपर्यंत काहीही, त्यामुळे आधी शब्द बाजूला ठेवू. समजा रीगलच्या चौकात तुमच्या स्कूटरसमोर अचानक ई-रिक्षा वळली.

पहिल्या ठोक्यातच व्हेगसचा ब्रेक सुटतो आणि नाडी उसळते. पुढच्या काही सेकंदांत वॉल्व्हमन जोर लावतो. त्वचेच्या आणि आतड्यांच्या धमन्या आवळतात, चेहरा पांढरा पडतो, तोंड सुकतं. सिंपथेटिक चेतांची एक शाखा मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यात थेट घुसते, तिथून अ‍ॅड्रिनलिन रक्तात सुटतं. सेतूमध्ये निळसर रंगाचा एक ठिपका आहे. काही हजार चेतापेशींचा तो ठिपका जवळजवळ अख्ख्या मेंदूत नॉरअ‍ॅड्रिनलिन शिंपतो, आणि तुम्ही लख्ख जागे होता. मध्यमेंदूत एक करडा पट्टा आहे, तो ठरवतो की पळायचं, भिडायचं की जागीच थिजायचं. ‘हातपाय गळाले, हललोच नाही’ असं लोक लाजत सांगतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, थिजणं हाही याच पट्ट्याचा हुकूम असतो.

दुसरी लाट सावकाश येते. मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याखालची पिट्युटरी ग्रंथी, अ‍ॅड्रिनलची बाहेरची साल, या वाटेनं कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक वाढतं आणि त्याचा कळस वीस-तीस मिनिटांनी येतो. तोवर ई-रिक्षा कुठल्या कुठे गेलेली असते.

हुशार विद्यार्थी इथे विचारायचे, की दाब वाढला तर प्रश्न ३ च्या नियमानं नाडी मंद व्हायला हवी, मग दोन्ही एकदम कसे वाढतात? कारण वरून आलेला हुकूम लगामाचा बिंदूच उचलून वर ठेवतो. तेवढ्या वेळापुरता मस्तिष्कस्तंभ १६० लाच योग्य मानतो आणि तिथे सांभाळतो. व्यायामातही असंच होतं. ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना मांडणारे अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली अ‍ॅड्रिनल ग्रंथींवरचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हा मेंदूतले हे ठिपके-पट्टे अजून अंधारातच होते.

७. म्हणजे टेन्शनमुळेच मला कायमचं बीपी लागलं ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याला ‘हो’ ऐकायचं असतं. माझं उत्तर: तेवढंच कारण सांगून सुटका होत नाही.

मस्तिष्कस्तंभाचा कारभार सेकंदांचा आणि मिनिटांचा. १९७३ साली अमेरिकेत काउली, गायटन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या गळ्यातल्या आणि छातीतल्या दाबाच्या त्या चौक्यांच्या चेता तोडल्या आणि चोवीस तास दाब नोंदवला. अपेक्षा अशी की दाब कायम चढलेला राहील. प्रत्यक्षात दिवसभराची सरासरी जवळपास होती तीच राहिली. बिघडली ती स्थिरता. कुत्रा उठला की दाब पडे, खायला लागला की उसळे, झोक्यासारखा वरखाली. म्हणजे ही साखळी चढउतार आवरते. महिनोन्‌महिने सरासरी कुठे राहणार, हे मुख्यतः मूत्रपिंडं किती मीठ-पाणी बाहेर टाकतात यावर ठरतं.

शिवाय मस्तिष्कस्तंभ फार लवकर जुळवून घेतो. दाब एक-दोन दिवस चढलेला राहिला की चौक्यांना तोच नेहमीचा वाटायला लागतो. मग १५० ला लगाम आवळलाच जात नाही. उलट गोळीनं १३० वर आणलं की सुरुवातीला थोडं गळल्यासारखं वाटतं, आणि लोक म्हणतात ‘गोळी सोसत नाही’. काही दिवस थांबलात तर लगाम पुन्हा खालच्या आकड्यावर बसतो. चक्कर येऊन पडायला होत असेल तर थांबू नका, प्रश्न ४ पाहा.

टेन्शन निर्दोष आहे असंही नाही. काही लोकांत, विशेषतः तरुणपणी बीपी सुरू झालेल्यांत, सिंपथेटिक संदेशांचा जोर मुळात जास्त सापडतो. आणि टेन्शनमधला माणूस झोप बुडवतो, तंबाखू वाढवतो, चालणं सोडतो, गोळी विसरतो. या मागच्या दारानं येणारं नुकसान मला पुढच्या दारापेक्षा मोठं वाटतं. पण ‘मुलाचं लग्न झालं की माझं बीपी आपोआप जाईल’ म्हणून गोळी टाळणारे मी पाहिले आहेत. लग्नं झाली, नातवंडं झाली, बीपी तिथेच होतं.

८. रक्त पाहिलं की मी कोसळतो. भीतीनं बीपी वाढतं म्हणता, मग माझं पडतं कसं?

रास्त शंका. आधी थोडं वाढतंही. मग अचानक मस्तिष्कस्तंभ पलटी खातो: व्हेगसचा ब्रेक गच्च, धमन्यांचे संदेश बंद. दाब आणि नाडी दोन्ही एकदम खाली, मेंदूला रक्त कमी, माणूस आडवा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहायला तासन्‌तास गर्दीत उभं राहून जे पडतात, त्यांचंही शेवटचं पाऊल हेच. रक्त पायांत साठलेलं, घाम, उपाशी पोट, आणि मग ही पलटी.

आडवं होणं हाच त्यावरचा उपाय आहे. तो शरीरानं केलेला असतो आणि आपण बिघडवतो. चार जण उचलून खुर्चीवर बसवतात, तोंडात पाणी ओततात. तसं करू नका. आडवंच ठेवा, पाय वर करा. चाहूल लागताच पायांची अढी घालून मांड्या आणि पोट आवळलं तर पुष्कळदा टळतं. रक्ताची भीती असणाऱ्यांनी सुई टोचून घेताना हेच करावं आणि झोपूनच टोचून घ्यावं. पळताना-चढताना शुद्ध गेली, कसलीच चाहूल न लागता गेली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर मात्र थेट हृदयाचे डॉक्टर.

९. रविवारी दाल-बाफले खाल्ले की सासऱ्यांना चक्कर येते. तुपामुळे?

तुपाला एकट्याला दोष नको. जड जेवणानंतर पुष्कळ रक्त आतड्यांकडे वळतं. एरवी मस्तिष्कस्तंभ दुसरीकडच्या धमन्या आवळून भरपाई करतो. वय झालं, मधुमेह असला, की ही भरपाई अपुरी पडते आणि जेवणानंतर तास-दोन तासांत दाब उतरतो. बाफले दोनच, आधी पेलाभर पाणी, नंतर लगेच जिना नको.

१०. हे रात्रभर घोरतात आणि सकाळी बीपी जास्त. संबंध आहे?

बहुधा आहे. निरोगी झोपेत दाब दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतो. घोरताना श्वास मधेच अडत असेल, म्हणजे घोरणं थांबून शांतता आणि मग गचका, तर प्रत्येक वेळी रक्तातला ऑक्सिजन घसरतो. गळ्यात दाबाच्या चौकीशेजारीच ऑक्सिजनची चौकी आहे. या चौक्या श्वास कसा चालवतात हे दाखवल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नील हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. तिथून मेडुलाला धोक्याची खबर जाते, वॉल्व्हमन उसळतो. रात्रीत असं शेकडो वेळा झालं की जोर दिवसाही ओसरत नाही. दोन-तीन गोळ्यांनी बीपी आटोक्यात येत नसेल तर झोपेची तपासणी करायला सांगा. ही खबर पेशंट कधीच देत नाही, शेजारी झोपणाऱ्या वहिनीच देतात.

११. सेव-नमकीन सोडायला सांगता. मिठाचा मेंदूशी काय संबंध?

मुख्य संबंध मूत्रपिंडांशी, प्रश्न ७ प्रमाणे. पण मेंदूच्या काही मोजक्या जागा रक्तातलं सोडियम थेट चाखतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्या चाखण्यातून वॉल्व्हमनचा जोर वाढलेला दिसतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. सकाळच्या पोह्यांवर सेव, सेवेवर जीरावन मसाला, आणि वर ‘मी भाजीत मीठ कमी घालते’. हिशोब तुम्हीच करा.

१२. प्राणायामानं बीपी उतरतं का? खरं सांगा.

उतरतं, थोडं. कारण शोधायला फार लांब जायला नको. श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना मंदावते, कारण श्वासाचं आणि व्हेगसचं केंद्र मेडुलात शेजारीशेजारी आहे. प्रश्न ३ मधल्या साखळीचा एक झोका साधारण दहा सेकंदांचा असतो. मिनिटाला सहा श्वास घेतले की श्वासही दहा सेकंदांचा होतो, दोन्ही लयी जुळतात आणि लगाम जास्त संवेदनशील होतो. अनुलोम-विलोम सावकाश करणाऱ्यांची लय सहजच तिथे येते. ओंकार किंवा लांब दमाचं स्तोत्र म्हणतानाही तेच.

दोन अडचणी. एक, हा परिणाम गोळीची जागा घेण्याइतका नसतो. दोन, सगळे प्राणायाम एका माळेचे मणी नाहीत. जोरात भस्त्रिका किंवा श्वास कोंडून ठेवणं यानं दाब तेवढ्यापुरता चढू शकतो. बीपी जास्त असताना ते नको.

१३. पण योगी तर हृदय थांबवतात म्हणे?

१९६१ साली वेंगर आणि बागची या संशोधकांनी दिल्लीच्या डॉ. बी. के. आनंद यांच्यासह अशा योग्यांच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. मनगटाची नाडी खरोखर हाताला लागेनाशी व्हायची, पण ईसीजीवर हृदय चालूच. श्वास कोंडून छाती-पोट आवळलं की हृदयाकडे परतणारं रक्त इतकं कमी होतं की नाडी बुडते. मला यात योग्यांची कमतरता वाटत नाही. स्वतःची नाडी बोटाखालून घालवता येणं ही साधी गोष्ट नाही.

१४. गळ्याची शीर चोळली की बीपी उतरतं असा व्हिडिओ आला आहे. करू का?

नको. तुम्ही चोळता ती दाबाची चौकी. तिला बाहेरून दाबलं की तिला वाटतं दाब वाढला आणि ती ब्रेक लावते. हृदयाची एक विशिष्ट वेगवान लय मोडायला डॉक्टर हे करतात, पण ईसीजी लावून, एकाच बाजूला. उतारवयात त्या धमनीत चरबीचा थर असतो, त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. काही वृद्धांत ही चौकी इतकी हळवी असते की घट्ट कॉलर किंवा दाढी करताना मान वळवणंही चक्कर यायला पुरतं.

१५. बीपीच्या गोळ्या मेंदूवर काम करतात का? सवय लागेल का?

आज जास्त दिल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या धमन्या, हृदय आणि मूत्रपिंडांवर काम करतात. मेडुलावर काम करणाऱ्या थोड्याच. गरोदरपणात दिली जाणारी मेथिलडोपा त्यांतली एक. क्लोनिडिन दुसरी. १९६०च्या दशकात जर्मनीत नाक चोंदलं तर टाकायचे थेंब म्हणून ती तपासली जात होती. थेंब घेणारी बाई दिवसभर झोपून राहिली, दाब उतरला, तेव्हा कळलं की हे औषध नाकापेक्षा मेंदूत जास्त काम करतंय. ती अचानक बंद केली तर दाब उसळी मारतो, म्हणून कधीही आपल्या मनानं थांबवू नका. ही व्यसनाची सवय नव्हे. लगाम काढल्यावर घोडा उधळतो, तसं आहे.

सर्पगंधेबद्दल आवर्जून विचारतात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा बीपीवरचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते चेतांच्या टोकांतला नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठाच रिकामा करतं. नाक चोंदणं, सुस्ती आणि जास्त मात्रेत नैराश्य यांमुळे ते मागे पडलं. मूळ वनस्पती घरी उगाळून घेण्यात मात्रेचा अंदाजच राहत नाही. तो प्रकार नको.

१६. रागानं एकदम १८० झालं तर जिभेखाली गोळी फोडू का?

पूर्वी सर्रास करायचे, आता करू नये म्हणतात. दाब धाडकन पाडला तर जुनं बीपी असलेल्या मेंदूला रक्त कमी पडून झटका येऊ शकतो. त्रास काहीच नसेल तर शांत बसा, अर्ध्या तासानं परत मोजा. पुष्कळदा प्रश्न ६ मधली लाट ओसरलेली असते. छातीत दुखणं, एका बाजूचा अशक्तपणा, बोबडी, धाप, प्रचंड डोकेदुखी यांपैकी काही असेल तर मोजत बसू नका, इस्पितळात जा.

१७. डोक्याला मार लागलेल्या भाच्याचं बीपी वाढत होतं, नाडी मंदावत होती. डॉक्टर एवढे का धावले?

कारण ती मेडुलाची शेवटची धडपड असू शकते. कवटी बंद पेटी आहे. आत रक्तस्राव झाला, सूज आली की दाब वाढतो आणि मेंदूत रक्त शिरेनासं होतं. रक्ताला तहानलेला मेडुला सगळी ताकद लावून बीपी चढवतो, म्हणजे पेटीतल्या दाबावर मात करून रक्त आत घुसेल. गळ्यातली चौकी हे वाढलेलं बीपी पाहून नाडी मंद करते. श्वासही विस्कळीत होतो. हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हे प्रयोगांनी दाखवलं. इथे बीपी खाली आणणं हा इलाज नसतो. आतला दाब काढावा लागतो, तोही लगेच.

१८. मणक्याला इजा झालेल्या भावाचं बीपी एरवी कमी, पण लघवीची नळी तुंबली की २०० च्या वर. असं कसं?

वॉल्व्हमनची तार वरच तुटली आहे. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल, तर एरवी संदेश पोचत नाहीत म्हणून दाब कमी. पण तुटलेल्या जागेखालचा मज्जारज्जू जिवंत असतो. तुंबलेल्या मूत्राशयाची कळ त्याला लागते आणि तो आपल्या मनानं खालच्या सगळ्या धमन्या आवळतो. मेडुलाला वाढलेला दाब दिसतो, पण ‘सैल सोडा’ हा निरोप खाली जाऊ शकत नाही. व्हेगस मज्जारज्जूतून जात नाही, म्हणून नाडी तेवढी मंद होते. वर चेहरा लाल, घाम, डोकं फुटेल असं दुखणं.

लगेच उठवून बसवा, कपडे-पट्टे सैल करा, नळीला पीळ बसलाय का बघा. मग पोट साफ झालंय का ते. आकडा उतरत नसेल तर इस्पितळ. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ हवं. डॉक्टरांनाही सांगावं लागतं कधीकधी.

१९. ‘ब्रेन डेड’ म्हणतात आणि मॉनिटरवर हृदय चालू दिसतं. मग मृत्यू कसा म्हणायचा? ग्रीन कॉरिडॉरच्या वेळी घरात यावरून वाद झाला.

इंदुरात ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे दान केलेले अवयव वेळेत पोचावेत म्हणून मोकळा ठेवलेला रस्ता, हा शब्द आता रिक्षावाल्यांनाही ठाऊक आहे, पण त्यामागची ही शंका कुणी मोकळेपणी विचारत नाही. भारताच्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात शब्द आहे मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू. चार डॉक्टरांचं मंडळ बाहुल्या, डोळ्यांची पापणी, घसा, खोकला, एकेक प्रतिक्षेप तपासतं. व्हेंटिलेटर काढून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू देतं आणि तरीही श्वासाची एकही हालचाल होत नाही ना, हे पाहतं. किमान सहा तासांनी हे सगळं पुन्हा. कोमात मस्तिष्कस्तंभ थोडाफार तरी जागा असतो, इथे तो गेलेला असतो आणि परत येत नाही.

हृदय मात्र ठोक्यासाठी मेंदूवर अवलंबून नाही. त्याच्या उजव्या कप्प्यात स्वतःचा ठोका देणाऱ्या पेशी आहेत, व्हेंटिलेटर ऑक्सिजन देत असेल तोवर त्या चालतात. बीपी मात्र धरत नाही, कारण वॉल्व्हमन उरलेला नसतो. ते औषधांनी धरून ठेवावं लागतं, आणि अवयव काढेपर्यंत अतिदक्षता विभागातल्या लोकांची खरी कसोटी तीच.

असं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवतात तेव्हा चेता तुटलेल्याच असतात. व्हेगसचा ब्रेक नसल्यामुळे ते बसल्या जागीही मिनिटाला ९० ते ११० पडतं. तो माणूस जिना चढायला लागला तर नाडी लगेच वाढत नाही, रक्तातून अ‍ॅड्रिनलिन पोचेपर्यंत काही मिनिटं जातात. थांबल्यावर उतरतेही सावकाश. म्हणून प्रत्यारोपण झालेल्यांना सांगतात, चालायला निघालात की पहिली काही मिनिटं हळू चाला.